भातखाचरात कॅडमियम निघालं, आता काय करायचं?

प्रश्न : खाडीकाठी आमची पाऊण एकर भातशेती आहे, वरच्या अंगाला कारखाने. माती तपासली तर कॅडमियम हा विषारी धातू प्रमाणाबाहेर, सामू (pH, जितका कमी तितकी माती आंबट) 5.2. शेजारी म्हणतात, मोहरी लावा, दोन वर्षांत माती साफ होते. घरचं भात याच खाचरातलं. शेत पडीक टाकू का?

उत्तर : ताई, पडीक टाकू नका. पण कणगीतला तांदूळ आधी तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत मुलांच्या ताटात तो वाढू नका. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत जातं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या पाण्यावरच्या भातातून ते माणसांच्या पोटात गेलं आणि हाडं ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग झाला. 1968 मध्ये तिथल्या सरकारने हे कारण मान्य केलं.

हा धातू कुजत नाही. मोहरी तो ओढून घेते हे खरं, पण दोन वर्षांत माती साफ होत नाही. शिवाय ती कापलेली मोहरी गुरांना घालता येत नाही, उकिरड्यात टाकता येत नाही, राबात, म्हणजे रोपांची जागा भाजताना, जाळता येत नाही. म्हणून कॅडमियम मातीतच जखडायचं, मुळांना मिळू द्यायचं नाही.

आपली कोकणातली माती मुळात आंबट, आणि आंबट मातीत कॅडमियम मोकळं होतं. सामू 6.5 च्या जवळ न्या. किती चुना लागेल ते प्रयोगशाळेकडून काढून घ्या, अंदाजाने ओतू नका. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी वरच्या 15 सेंटिमीटर मातीत तो नीट मिसळा. जोडीला पूर्ण कुजलेलं शेणखत द्या. अमोनियम सल्फेट टाळा, त्याने आंबटपणा वाढतो.

पाण्याकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष हवं. चिखलात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. खाचराला भेगा पडल्या की सुटतं. गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात ऐन दाणा भरताना पावसाविना सुकतं आणि नेमकं तेव्हाच ते दाण्यात उतरतं. म्हणून लवकर तयार होणारं हळवं वाण घ्या. पोटरीपासून (लोंबी बाहेर पडण्याआधी ताट फुगतं तेव्हापासून) दाणा भरेपर्यंत 5 सेंटिमीटर पाणी राखा. अहवालात आर्सेनिकही जास्त असेल तर हा उपाय करू नका, आर्सेनिक उभ्या पाण्यातच सुटतं. आधी मला अहवाल दाखवा.

खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला पुन्हा विरघळवतं. म्हणून भरतीच्या वेळी बांधावर उभं राहून बघा : खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतंय का, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप गळतेय का.

परसात माठ, पालक, मुळा नको. काकडी, दोडका, चवळीच्या शेंगा चालतील.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत कॅडमियम नसतं, ते वेगळं मागावं लागतं. पुढचा नमुना पाण्याच्या तोंडाशी आणि शेवटच्या खाचरात वेगवेगळा घ्या. फावड्याला टेकलेली माती लाकडी पट्टीने खरवडून टाका. जस्ती बादली वापरू नका. अहवाल घेऊन याल तेव्हा शेजारच्या खातेदारांनाही आणा, उघाडीची दुरुस्ती एकट्याने होत नाही.