द्राक्षवेलीला व्हायरस लागला तर पानांचं प्रकाशसंश्लेषण थांबतं का? फवारणीने सुधारतं का?

हा प्रश्न वाचला आणि तुळजापूर तालुक्यातला आमचा शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाचा प्लॉट डोळ्यांपुढे आला.

मणी रंगायला लागले तशी काही वेलींची खालची पानं लालभडक झाली, शिरा मात्र हिरव्याच. कडा खाली वळलेल्या, पान दुमडलं की पापडासारखं मोडायचं. दादा, म्हणजे थोरले बंधू, म्हणाले मॅग्नेशियम कमी पडलंय. दोन हंगाम मॅग्नेशियम सल्फेट सोडलं, फवारलं. शेजारच्या ओळीत गोडी 18 ब्रिक्सला (साखरेचं माप) गेली, या वेली 14 च्या पुढे सरकेनात.

मुलगी तेव्हा शाळेत पानातल्या स्टार्चचा प्रयोग शिकत होती. उजाडायच्या आत एक निरोगी आणि एक लाल पान तोडून तिच्याकडे दिलं. सरांसमोर तिने स्पिरिटमध्ये पानांचा रंग काढला आणि वर आयोडीन टाकलं. निरोगी पान तपकिरी राहिलं, लाल पान काळंनिळं पडलं, म्हणजे त्यात स्टार्च होता. निरोगी पानाने दिवसाचं अन्न रात्रीतून घडाकडे, काडीकडे धाडलं होतं. लाल पानाचं तिथंच तुंबलेलं.

हा लीफरोल, म्हणजे पानं वळवणारा रोग. त्याचा व्हायरस अन्न वाहणाऱ्या नळ्यांमध्येच राहतो. पानात साखर आणि स्टार्च साठला की पान पुढचं काम कमी करतं. पर्णरंध्रं कमी उघडतात, कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, हरितद्रव्यही घटतं. प्रकाशसंश्लेषण थांबत नाही, मंदावतं. म्हणून माल उशिरा पिकतो, गोडी भरत नाही.

फवारणीने काही होत नाही. वेलीतला व्हायरस मारणारं औषधच नाही, टॉनिकवाल्याला पैसे देऊ नका. व्हायरस पसरवणारा पिठ्या ढेकूण आवरला तर पुढचा प्रसार कमी होतो, एवढंच. आमच्याकडे रोग काडीतूनच आला, हे माझं ठाम मत. ओळखीच्या बागेतली फुकटची काडी आणून दादांनी डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमं भरली. तपासलेली काडी आणू, असं मी तेव्हाच म्हणत होतो. पुढे लॅबमध्ये नमुना दिला तर लीफरोलच निघाला. वेली मुळासकट काढाव्या लागल्या.

मात्र लाल पान दिसलं की लगेच कुऱ्हाड उचलू नका. पालाश किंवा मॅग्नेशियम कमी असेल, खोडाला इजा असेल, तरी पान लाल होतं. आयोडीनने अन्न तुंबल्याचं कळतं, व्हायरस कळत नाही. त्याला एलायझा किंवा पीसीआर ही लॅबमधली तपासणीच लागते. थॉम्पसनसारख्या पांढऱ्या जातीत तर लाली येतच नाही, पान नुसतं फिकट पडतं. तिथली काडी डोळ्यांनी पारखून आणतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो घरातला थोरला का असेना.