तिच्या नावाने भरलेला फॉर्म

प्रश्न : मुलगी टीवायबीएला आहे, विषय इंग्रजी साहित्य. दुसऱ्या वर्षी ६१ टक्के मिळाले. अठराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य आणि त्यामागचं राजकारण यात एमए करायचं म्हणते. असल्या जुन्या गोष्टी वाचून पोट भरतं का? मी तिला न सांगता लॉ सीईटीचा फॉर्म भरून ठेवलाय. तिला कसं समजवावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : मला ६१ टक्क्यांची काळजी वाटत नाही, त्या फॉर्मची वाटते. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला असणार, म्हणून तिला पत्ता नाही. हॉलतिकीट हातात दिलंत तर ती परीक्षेला बसेलही. घरात वाद नको म्हणून मुलं बसतात. पण त्यानंतर ती तुम्हाला मनातलं काही सांगणार नाही. तिला कसं समजवायचं ते विचारता, पण तिचं म्हणणं काय, तिला हेच का आवडतं, हे पत्रात कुठेच नाही. आधी फॉर्मचं सांगून टाका. एलएलबी पदवीनंतर पुढेही करता येतं, पळून जात नाही.

आता 'जुन्या गोष्टीं'बद्दल. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ साली आलेल्या पुस्तकातला गलिव्हर आपण लहान मुलांच्या हाती देतो. त्यात दोरीवर कसरत करून पद टिकवणारा खजिनदार आहे. तो म्हणजे ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल, हे लंडनच्या वाचकांना सांगावं लागलं नाही. उंच टाचांचे आणि बुटक्या टाचांचे असे भांडणारे दोन पक्ष म्हणजे तिथले तेव्हाचे दोन राजकीय पक्ष, टोरी आणि व्हिग. नाटककार हेन्री फील्डिंग तर रंगमंचावरूनच वॉलपोलची टर उडवायचा. १७३७ मध्ये कायदा झाला : सरकारी मंजुरीशिवाय नवं नाटक नाही. फील्डिंगचं नाटक बंद पडलं. मग त्याने काय केलं? तुम्हाला आवडेल : तो वकील झाला, पुढे लंडनच्या बो स्ट्रीटवर न्यायदंडाधिकारीही. कादंबऱ्यांना अशी पूर्वमंजुरी लागत नव्हती, त्या त्याने लिहिल्या. तुमची मुलगी हे वाचते आहे. सेन्सॉरशिप, पक्ष, छापखाना, कायदा यांचा हा अभ्यास आहे.

तिलाही एक स्पष्ट सांगतो. एमएला हे शतक बहुतेक ठिकाणी एखाद्या पेपरपुरतंच येतं. खोलात जायचं तर पीएचडी. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची वाट सगळ्यांना माहीत आहे, पण पास झाल्यावरही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. तो हिशेब तिने डोळे उघडे ठेवून करावा. आणि स्वतःला विचारावं : गलिव्हर वाचताना मजा वाक्यांची येते, की तो खजिनदार कोण हे शोधण्याची? दुसरं असेल, तर एमए इंग्रजीत नको, इतिहासात किंवा राज्यशास्त्रात करावं. माझा अंदाज तोच आहे, पण तो तुमच्या पत्रावरून बांधलेला. पुढचं पत्र तिचं येऊ द्या. तुम्ही आधी वाचून पाठवायची गरज नाही.