लेबर रूमची पहिली पोस्टिंग लागलीये, काय काय बघायला शिकायचं?

तू विचारलंयस की जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला पहिल्यांदाच लेबर रूमची पोस्टिंग लागलीये, पुस्तक वाचून झालंय तरी बाळ बाहेर आलं की नेमकं काय बघायचं, अपगारचे, म्हणजे जन्मल्या जन्मल्या बाळ कसं आहे त्याचे, मार्क कसे द्यायचे हे डोक्यात बसत नाही, आणि बाळाच्या आधी आईचं काय काय बघायचं हेही कुणी नीट सांगत नाही. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते, चालेल ना. मी नवी मुंबईत म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलला लेबर रूममध्येच स्टाफ नर्स आहे, दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर या बाजूच्या बायका आमच्याकडे जास्त येतात, त्यामुळे जे सांगते ते त्या बायकांकडे बघूनच शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. लोक म्हणतात लेबर रूममध्ये अचानक काहीतरी होतं. होतं कधी कधी, पण बऱ्याच वेळा ते आधी छोट्या आकड्यांत दिसलेलं असतं, आईची नाडी ८० ची १०० होते, मग ११०, बाळाचे ठोके प्रत्येक कळेनंतर थोडे खाली जाऊन उशिरा वर येतात, पॅड नेहमीपेक्षा लवकर भिजतो. जी खाटेजवळ उभी राहून परत परत बघते आणि वेळ टाकून लिहिते, तिला हे सगळ्यात आधी कळतं. डॉक्टर तीन खाटांमध्ये फिरत असतात, तू एका खाटेजवळ असतेस. म्हणून स्टुडंट आहे, मला काय कळतंय असं समजू नकोस.

बाई आली की पहिलं माता बाल कार्ड माग. त्यात शेवटच्या पाळीची तारीख बघ, नसेल तर विचार, आणि आपल्याकडे बायका तारीख नाही सांगत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, नवरात्र बसायच्या आधी असं सांगतात, तर मोबाईलवर त्या वर्षीचं कॅलेंडर उघडून तारीख काढ, अंदाजे टाकू नकोस. तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे, म्हणजे पाळी १० जूनला आली असेल तर डेट १७ मार्च. हा हिशोब २८ दिवसांच्या पाळीचा आहे, जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिची डेट आठवडाभर पुढे जाते, हे विचारायचं लोक विसरतात. आणि कितवी खेप, किती बाळंतपणं, किती मुलं हयात, किती वेळा पडलं, हे तिला सासूसमोर विचारू नकोस. आधीचा गर्भपात घरी माहीत नसतो बऱ्याचदा, पडदा ओढ, बाकीच्यांना बाहेर पाठव आणि मग हळू आवाजात विचार, खरी माहिती तेव्हाच मिळते.

कार्डावर मी दोन गोष्टींना बोट लावते, हिमोग्लोबिन आणि बीपी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे अॅनिमिया, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, पण उलटी होते, काळी शी होते म्हणून डबीत तशाच पडून राहतात. गोळी चहाबरोबर घेते का ते विचार, चहाने लोह अंगी लागत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी तर अजिबात नाही. हा आकडा तुला डिलिव्हरीनंतर लागणार आहे, म्हणून लक्षात ठेव.

बीपी १४०/९० किंवा वर आलं तर परत घे, बाईला शांत बसवून, बरोबर मापाचा कफ लावून, आणि सांग. १६०/११० आलं तर परत घेईपर्यंत वाट बघू नकोस, आधी हाक मार. पण आकड्याइतकंच तिचं म्हणणं ऐक. डोकं खूप दुखतंय, डोळ्यासमोर काजवे चमकतात, छातीच्या खाली पोटात दुखतंय असं ती म्हणाली की ते अॅसिडिटी म्हणून सोडायचं नाही, ती झटक्याच्या आधीची लक्षणं असू शकतात. झटक्यांसाठी देतात ते मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर पुढच्या डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्याच, गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला निदान ३० मिली आहे ना. आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्येच पाहिजे, कपाटात नाही.

आता कळा. खऱ्या कळा कंबरेतून सुरू होऊन पुढे येतात, अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. खोट्या कळा ओटीपोटातच राहतात, फेऱ्या मारल्या की बऱ्याचदा थांबतात. तपासायचं कसं, तर पोटावर वरच्या बाजूला हात ठेवून पूर्ण १० मिनिटं बसायचं, घड्याळ समोर, किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली ते मोजायचं. १० मिनिटं म्हणजे १० मिनिटं, ३ मिनिटं बघून गुणाकार करायचा नाही. चांगल्या लेबरमध्ये १० मिनिटांत ३ ते ४ कळा, ४० सेकंदांच्या वर. ५ पेक्षा जास्त येत असतील आणि कळा वाढवायचं ऑक्सिटोसिनचं सलाईन चालू असेल तर लगेच सांग, कारण मध्ये पोट सैल पडलं नाही तर बाळाला दम घ्यायला वेळच मिळत नाही.

बाळाचे ठोके ११० ते १६० च्या मध्ये पाहिजेत. ठोके ऐकायचं यंत्र, डॉपलर, लावलंस तरी दुसऱ्या हाताने आईची नाडी धर, कारण कधी कधी आपण आईचेच ठोके ऐकत असतो आणि छान चाललंय म्हणून लिहितो. कळ संपली की लगेच ऐक, पूर्ण मिनिट. अॅक्टिव्ह लेबरमध्ये दर अर्ध्या तासाला, बाई जोर करायला लागली की दर ५ मिनिटांनी. पार्टोग्राफ, म्हणजे लेबर कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, आमच्याकडे गर्भपिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की सुरू होतो, डब्ल्यूएचओच्या २०२० च्या नव्या गाईडमध्ये अॅक्टिव्ह लेबर ५ पासून धरलंय, तुझ्या वॉर्डला जो कागद आहे तो भर, पण भर त्याच वेळी. डिलिव्हरी झाल्यावर बसून मागच्या तासांचे ठिपके सरळ रेषेत मांडणारे लोक असतात, तू ते कधी करू नकोस, तो कागद बाईला वेळेत ऑपरेशन थिएटरला न्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी असतो, फाईलसाठी नाही.

पाणी फुटलं की क्रम असा, आधी ठोके ऐकायचे, मग पाण्याचा रंग, मग वेळ लिहायची. ठोके आधी का, तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. नाळ दिसली किंवा हाताला लागली तर ती आत ढकलायची नाही, बाईला गुडघे आणि छाती टेकवून पालथी कर, मोठ्याने हाक मार, सिझेरियनची धावपळ बाकीचे करतील. पाणी हिरवं असेल तर बाळाने आत शी केलीये, बालरोगतज्ज्ञांना आधीच कळव.

आणि हो, कळांत बाई ओरडते, हात पकडते, शिव्याही देते. तिला झापायचं नाही. कुणी झापत असेल तर तू तरी तिच्या कमरेवर हात चोळ, घोट घोट पाणी दे, लघवीला नेऊन आण. लघवी साठली की कळाही नीट लागत नाहीत आणि नंतर गर्भपिशवीही आकसत नाही. घरची एक बाई सोबत राहू शकते, नुसता उपकार म्हणून नाही, तो तिचा हक्क आहे.

बाळाच्या आधी तयारी. पंखा बंद, खोली २६ अंशांच्या आसपास, वॉर्मर आधीपासून चालू, दोन टॉवेल त्यावर गरम होत ठेवलेले, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग हातावर दाबून बघितलेली, मास्क नवजात बाळाच्या मापाचा. आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते.

अपगार म्हणजे व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरांचा स्कोअर, १९५२ मध्ये त्यांनी मांडला, १९५३ मध्ये छापून आला. त्या काळी बाळ झालं की सगळं लक्ष आईकडे असायचं, बाळाकडे ठरवून कुणी बघत नव्हतं, त्यांनी पाच गोष्टी ठरवून दिल्या म्हणून प्रत्येक बाळाकडे घड्याळ लावून बघायला लागले. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांचा ताठपणा, चिडवल्यावर प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ०, १ किंवा २, पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला. समजा ठोके ९० आहेत तर १, श्वास मंद आणि तुटक तर १, हातपाय थोडेच दुमडलेत तर १, बारीक नळी (कॅथेटर) लावल्यावर नुसतं तोंड वाकडं केलं तर १, अंग गुलाबी पण हातपाय निळे तर १, झाले ५. आणि जोरात रडणाऱ्या धडधाकट बाळाचेही पहिल्या मिनिटाला हातपाय निळसर असतात, म्हणून त्याला ९ येतात, १० नाही, उगाच १० लिहू नकोस. रंग बघताना आपल्या सावळ्या बाळांची कातडी फसवते, ओठांच्या आतून आणि जीभ बघ, जीभ निळी म्हणजे खरंच निळं. ठोके मोजायला स्टेथो छातीवर ठेव, ६ सेकंद मोज आणि १० ने गुण.

पण एक गोष्ट पक्की कर. अपगार लिहिण्यासाठी असतो, काय करायचं ते अपगारवरून ठरवायचं नाही. बाळ बाहेर आलं की एकच प्रश्न, रडतंय का, श्वास नीट घेतंय का. हो असेल तर आईच्या पोटावर, पुसायचं, ओला टॉवेल बाजूला, सुका टॉवेल आणि टोपी, नाळ १ ते ३ मिनिटांनी कापायची. नाही असेल तर वॉर्मरवर, मान किंचित मागे, गरज असेल तर आधी तोंड मग नाक साफ, पुसून पाठ चोळ, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आतच अंबूने श्वास सुरू, मिनिटाला ४० ते ६०, आणि छाती वर उठतीये का बघ. छाती उठत नसेल तर नुसती बॅग दाबून उपयोग नाही, मान आणि मास्क परत नीट कर. उलटं धरून थोपटणं, पाणी शिंपडणं असलं काही नाही. पाचव्या मिनिटाला स्कोअर ७ च्या खाली असेल तर २० मिनिटांपर्यंत दर ५ मिनिटांनी परत.

याच वेळी आईला विसरू नकोस, इथे सगळे बाळाकडे वळलेले असतात. पोटात दुसरं बाळ नाही हे हाताने बघून मिनिटभरात ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत. वार आली की ताटात पसरून बघ, एखादा तुकडा कमी वाटतोय का, नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत का. मग पोटावर हात, पिशवी क्रिकेटच्या बॉलसारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर मसाज सुरू कर आणि तिथूनच हाक मार, हात काढून कुणाला शोधायला जाऊ नकोस. ५०० मिली रक्त गेलं म्हणजे पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव, असं पुस्तकात आहे, पण जिचं हिमोग्लोबिन ७ आहे तिला ३०० पण जड जातं, म्हणून मघाशी कार्डावरचा आकडा लक्षात ठेव म्हटलं. पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, पिशवी आणि पॅड. चादर वर करून बघ, पाठीखाली हात घाल, रक्त तिथे साठतं.

बाळ तासाभरात अंगावर लाव. पहिला पिवळसर चीक पाजायचाच, मध, गुळाचं पाणी, बाळगुटी काही नाही. नंतर निवांत डोक्यापासून पायापर्यंत तपास, उजेडात. टाळू सपाट पाहिजे, फुगलेली नको, खोल गेलेली नको. डोक्यावर सूज असेल तर ती हाडांच्या शिवणी ओलांडून पसरलीये का बघ, पसरली असेल आणि जन्मतःच असेल तर ती साधी सूज, दोन-तीन दिवसांत उतरते. एकाच हाडापुरती, काही तासांनी आलेली असेल तर आत रक्त साठलंय, उतरायला आठवडे लागतात आणि कावीळ वाढू शकते. टाळा, ओठ, पाठीचा कणा, बोटं, शीची जागा, सगळं हात लावून बघ. श्वास पूर्ण मिनिट मोज, ३० ते ६०, बाळं मध्येच थांबून परत श्वास घेतात म्हणून अर्ध्या मिनिटावर जाऊ नकोस. छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील तर सांग. काखेत तापमान ३६.५ ते ३७.५. कमरेवर निळे डाग दिसले तर फाईलवर लिही आणि आजीला सांग की हा मार नाही, आपोआप जातात. व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम मांडीत, बीसीजी, पोलिओचा झिरो डोस, हिपॅटायटीस बी २४ तासांच्या आत. वजन २.५ किलोच्या खाली असेल तर आईच्या छातीवर जास्तीत जास्त वेळ. आंघोळ पहिल्या दिवशी नाही. शी २४ तासांत आणि शू ४८ तासांत झाली पाहिजे, नाही झाली तर डॉक्टरांना सांग.

घरी सोडताना समजावतेस ते आईला एकटीला नको, आजीलाही बसव, कारण घरी नाळेला हळद-तेल लावायचं की कोरडी ठेवायची, काजळ घालायचं की नाही हे ती ठरवते. तिला मान देऊन सांगितलं की ऐकते, माझा अनुभव चांगला आहे. बाळ पीत नाही, अंग गार किंवा तापलेलं, पहिल्याच दिवशी पिवळं दिसतंय, धाप लागतीये, झटके येतायत, किंवा आईचा पॅड तासात भिजतोय, ताप आहे, डोकं सणकतंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आशाताई घरी येईल तेव्हा तिला बाळ उघडून दाखवा म्हणून सांग, आणि अॅम्ब्युलन्सचा १०८ नंबर त्यांच्याकडूनच त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घे, कार्ड घरात सापडत नाही.