बॅटरी, धुकं आणि उसाच्या ट्रॉल्या

अरे, पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून थंडीत गाडीच्या बाबतीत निवांत राहू नकोस. डिसेंबरात पहाटे पारा १० च्या खाली गेला की आधी बॅटरी रुसते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला व्होल्टमीटर लाव, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर चार्जिंगला दे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी धरली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढ, मग गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घास. एवढ्याशा बुरशीपायी माझी गाडी ऐन लग्नाच्या सकाळी अडली होती. नवरदेव रिक्षाने गेला!

हवा टायर गार असतानाच तपास, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. काच आतून धुरकटली तर फडका फिरवत बसू नकोस, एसी लावून झोत काचेवर सोड.

धुक्यात हेडलाइट लो बीमवरच, म्हणजे झोत खाली. सोलापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांपासून जप. कित्येकींना मागे दिवाच नसतो, एकदम ऊसच समोर येतो. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रल अजिबात नाही. गाडी गिअरमध्येच ठेव, डिझेल दुसरीकडे वाचव.