पॅसिफिका ११२व्ही घ्यावी का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून काही वर्षांपासून ॲकूस्टिक गिटार वाजवते. आता तिला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे आणि तिने यामाहाची पॅसिफिका ११२व्ही पसंत केली आहे. गिटार, ॲम्प आणि इतर सामान मिळून आम्ही ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. एवढ्या किमतीच्या वाद्यात कोणत्या उणिवा गृहीत धराव्यात? आमच्याकडच्या दमट हवेत ते टिकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : निवड चांगली आहे, गिटार जरूर घ्यावी. मध्यम किमतीच्या वाद्यात उत्पादकाला कुठे तरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो लाकडात आणि नेकच्या घडणीत घेतला आहे की सुट्या भागांत, एवढेच पाहायचे असते, कारण सुटे भाग पुढे बदलता येतात. १९९० मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिका मालिकेतील या गिटारची बॉडी आल्डर लाकडाची, नेक मेपलचा आणि फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे टेकवायची पट्टी) रोझवूडचा आहे. फिंगरबोर्डाची गोलाई ३५० मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे बरीच सपाट असल्यामुळे वरच्या फ्रेटांवर (फिंगरबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार खेचताना स्वर मध्येच गुदमरत नाही. नवशिक्याला हा गुण चटकन जाणवणार नाही, पण मला तो या वाद्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दुसरी जमेची बाजू पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांची आहे. बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि पुढे दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप) अशी मांडणी असून टोनचे बटण वर ओढले की हमबकरची एक कॉइल बंद होते. त्यामुळे एकाच गिटारवर रॉकचा भरदार आणि फंकचा सडपातळ असे दोन्ही आवाज मिळतात. मात्र एक कॉइल बंद होताच आवाज थोडा खाली येतो आणि गुणगुण परत येते. हमबकरमधील दोन कॉइल परस्परविरुद्ध जोडलेल्या असतात आणि म्हणूनच विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहामुळे होणारी गुणगुण तिथे एकमेकींना छेदून नाहीशी होते. एकट्या कॉइलला ही सोय नसते. ज्या घरात अर्थिंग नीट नाही, तिथे हा त्रास अधिक जाणवतो. तेव्हा दुकानात गिटार ऐकताना दिवे आणि पंखे चालू ठेवून, सिंगल कॉइल निवडूनच ऐकावी. हमबकर सिंगल कॉइलपेक्षा फारच जोरात वाजत असेल, तर ती उणीव मानू नये. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून त्याची उंची कमी केली की समतोल साधतो.

खरी उणीव ट्रेमोलोमध्ये, म्हणजे दांडी दाबून सगळ्या तारांचा स्वर हलवणाऱ्या यंत्रणेत आहे. दांडी दाबून सोडल्यावर तार नटच्या (नेकच्या वरच्या टोकावरील पट्टीच्या) खाचेत किंचित अडकते आणि मूळ स्वरावर परतत नाही. शिवाय ब्रिज तरंगता, म्हणजे बॉडीपासून किंचित उचललेला ठेवला, तर एक तार खेचताना बाकीच्या उतरतात आणि एक तुटली तर सगळ्याच बेसूर होतात. माझा सल्ला असा की पहिले वर्षभर दांडी काढूनच ठेवावी आणि मागच्या बाजूच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवून घ्यावा. नटच्या खाचांत पेन्सिलीचे शिसे घासावे. उपाय फुकटचा आहे आणि उपयोगी पडतो. याच मालिकेतील ६१२ मध्ये तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या (लॉक होणाऱ्या) सुराच्या खुंट्या आणि अधिक चांगला ब्रिज मिळतो, पण त्यासाठी ॲम्पचे पैसे तिकडे वळवावे लागतील आणि ते मी करणार नाही. उत्तम गिटार टाकाऊ ॲम्पवर टाकाऊच ऐकू येते. एकूण रकमेतून १२ ते १५ हजार ॲम्पसाठी आणि थोडे पैसे जाणत्या कारागिराकडून सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणे) करून घेण्यासाठी आधीच बाजूला काढावेत. खोक्यातून निघालेल्या गिटारमध्ये तारा बहुधा गरजेपेक्षा उंच असतात.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगावी. या गिटारची पहिली तार ०.००९ इंचाची, ॲकूस्टिकच्या मानाने फार बारीक असते. जाड तारा दाबायची सवय झालेली बोटे तिला जास्त जोराने दाबतात आणि मग सुरात लावलेली गिटारही चढी वाजते. दोष वाद्याचा समजून ती परत करू नये.

राहिली हवा. पॉलिशच्या जाड थरामुळे बॉडीला फारसा धोका नाही. नेक मात्र पावसाळ्यात हलतो, म्हणून जून संपता संपता आणि पुन्हा दिवाळीनंतर ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) तपासून घ्यावा. खारी हवा गंज चढवते तो तारांना, ब्रिजच्या बारीक स्क्रूंना आणि स्प्रिंगांना. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि गिटार भिंतीला टेकवून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह बॅगेत ठेवावी.

प्रश्न : ११२जे ही ११२व्हीपेक्षा स्वस्त मिळते. फरक केवळ नावाचा आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. बॉडी दोन्हींची आल्डरचीच आहे, पण ११२जे मध्ये पिकअपचे चुंबक सिरॅमिकचे असतात आणि ११२व्ही मध्ये अल्निको ५ चे (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे). हमबकरची एक कॉइल बंद करण्याची सोयही ११२जे मध्ये नाही. केवळ डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावून वाजवणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. स्वच्छ आवाजात वाजवायचे असेल, तर जास्तीचे पैसे द्यावेत.