नडगी दुखतेय, दाखवायचं कुणाला?

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे, ८०० मीटर धावते. सराव मानकापूरच्या क्रीडा संकुलात. तीन आठवडे झाले, डावी नडगी दुखतेय. एक्स-रे नॉर्मल आला. घराजवळ ‘स्पोर्ट्स इंज्युरी स्पेशालिस्ट’ अशी पाटी आहे. तिथे दाखवावं का? – एक पालक, नागपूर

उत्तर : पाटी सोडा, नावापुढची पदवी वाचा. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं ‘एमडी स्पोर्ट्स मेडिसिन’ केलेला तो या विषयाचा डॉक्टर. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेलेही आहेत. क्रीडावैद्यकाचा हा डॉक्टर ऑपरेशन करत नाही. लिगामेंट तुटलं, गुडघा अडकू लागला, तर ‘एमएस ऑर्थो’वाला हाडांचा सर्जन लागतो. ‘बीपीटी’, ‘एमपीटी’ म्हणजे फिजिओथेरपिस्ट. व्यायाम करून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या यादीत पडताळता येतो. या एमडीच्या जागा देशभरातच मोजक्या आहेत. असा डॉक्टर मिळाला नाही तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स यांपैकी एका सरकारी रुग्णालयाची ऑर्थो ओपीडी गाठा आणि मुलगी धावपटू आहे हे आधी सांगा.

जाणकार डॉक्टर हाताने केलेल्या तपासणीवरूनच ओळखू येतो. तो नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली जाईल. दुखरा पट्टा पाच सेंटिमीटर किंवा जास्त असेल, तर बहुधा हाडाच्या आवरणावर आलेला ताण. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असल्याचा संशय. ही चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टवर निर्धास्त राहू नका, एमआरआयबद्दल विचारा. कळ नडगीच्या पुढच्या बाजूला, मधोमध असेल तर धावणं त्याच दिवशी बंद. तिथली चीर लवकर भरत नाही, आणि रेटून धावलं तर हाड पुरतं मोडू शकतं.

तो पाळीबद्दलही विचारेल. अवघडून जाऊ नका. सरावाच्या मानाने खाणं कमी पडलं की आधी पाळी लांबते, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. तीन महिने पाळी आली नसेल तर ते आपणहून सांगा. जाताना रोजचे बूट आणि गेल्या दोन महिन्यांत कधी किती धावली याची वही न्या. दुखणं बहुतेकदा त्या वहीतच सापडतं: अंतर अचानक वाढलेलं असतं, नाहीतर मातीवरून थेट डांबरावर सराव सुरू झालेला असतो. आतल्या कडेची चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे धावणं नाही. गोळी घेऊन धावणं तर मुळीच नाही.

प्रश्न : कबड्डीचा सामना तीन दिवसांवर आलाय. टाचेमागची शीर दुखते. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ का? – एक खेळाडू, कामठी

उत्तर : नको. तुम्ही जिला शीर म्हणता ती पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा. तिच्यात स्टिरॉइड गेलं की ती कमकुवत होते आणि चढाईच्या झेपेत तुटू शकते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, आणि औषध शरीरात काही दिवस राहतं. म्हणजे आज टोचलेलं सामन्याच्या दिवशी लघवीत सापडू शकतं. औषध खरोखरच लागणार असेल तर ‘नाडा’ या भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. तुमच्या बाबतीत मात्र हा सामना सोडलेला बरा.