प्रश्नावली घेऊन शाळेत जाण्याआधी

खाण्याच्या विकारांच्या पाहणीसाठी ऐरोलीतल्या शाळेची परवानगी मिळाली, उत्तम. पण आधी कालनिर्णय बघ. नवरात्रात किंवा श्रावणात ईएटी-२६ (खाण्याच्या सवयींबद्दलची २६ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतलीस, तर ‘भूक लागूनही खाणं टाळते’ यावर उपासवाल्या मुली सरळ ‘नेहमी’ला खूण करतील. गुण २० किंवा त्याहून जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही. ती फक्त चाळणी आहे, निदान मुलाखतीतच होतं. उपास कधी, कशासाठी, आणि तो सुटल्यावर जेवण नीट होतं का, हे वेगळं विचार.

वजन वर्गात घेऊ नकोस. पीटीचे सर आकडा मोठ्याने ओरडतात, मागे खिदळणं सुरू होतं, आणि पुढची मुलगी बाथरूमचं निमित्त काढून सटकते. वेगळी खोली, एकावेळी एक जण, आकडा फक्त तुझ्या कागदावर.

मुलग्यांना वगळू नकोस. त्यांना ‘बारीक व्हायचंय का’ विचारून काही हाती लागत नाही. जिम आणि प्रोटीन पावडरवर बोल.

पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय मुलांचाही होकार. आणि एखादी जेवून मुद्दाम उलट्या काढते असं कळलं, तर कोणाकडे पाठवायचं ते डॉक्टर आधीच ठरवून ठेव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ प्रत्येक मुलाच्या हातात दे, नुसता फळ्यावर लिहून येऊ नकोस.